बाबासाहेबांच्या कॉलेजची हरणारी टीम



वर्षावास सुरू आहे. वस्तीवस्तीतल्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू आहे. कामावरून दमून आलेली माणसे तोंडावर पाणी मारून विहारात येऊन बसतात, माता-भगिनी स्वयंपाक लवकर उरकून येतात. हे तीन महिने आपल्याकडे मन घडवण्याचे मानले जातात. याच दिवसांत, म्हणजे ऑगस्ट महिन्यात, इथून साडेबारा हजार किलोमीटरवर न्यूयॉर्क शहरात शंभरेक कॉलेजकुमार मैदानात घाम गाळत असतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा नवा हंगाम सुरू होतो. त्यांच्या अंगावर फिका निळा आणि पांढरा पोशाख असतो. टीमचे नाव आहे 'लायन्स', म्हणजे सिंह. आणि कॉलेज कोणते? कोलंबिया विद्यापीठ! जिथे परमपूज्य बाबासाहेब शिकले, तेच.

कोलंबिया म्हटले की आपल्या घराघरांत मान ताठ होते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब तिथे गेले, १९१५ साली एम. ए. झाले, ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथेच जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला आणि ५ जून १९५२ रोजी त्याच विद्यापीठाने त्यांना मानाची पदवी दिली. हे सारे आपल्या पोरांना तोंडपाठ असते. पण त्या कॉलेजला एक फुटबॉल टीम आहे, ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि बहुतेक काळ ती हरत आलेली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आम्ही या टीमच्या मागे लागलेलो आहोत. हंगाम जवळ आला की भिंतीवरच्या कॅलेंडरात दहा शनिवारांवर निळ्या पेनाने गोल करतो. "तुम्हाला काय पडलंय त्या गोऱ्यांच्या खेळाचं?" असे आम्हाला विचारले जाते. त्या प्रश्नाला या वेळच्या सदरात सविस्तर उत्तर देत आहोत.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातात धरून पळवतात किंवा हाताने फेकतात. एका बाजूला अकरा खेळाडू. डोक्यावर लोखंडी जाळीचे शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. मैदान १०० यार्ड लांब. ज्या बाजूकडे चेंडू आहे तिने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकली तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. असे करत करत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. त्यानंतर चेंडू दोन खांबांमधून लाथेने उडवला की आणखी एक. रेषेपर्यंत पोचता आले नाही तर दुरूनच खांबांमधून चेंडू मारून तीन गुण घेता येतात. ज्याने कबड्डी पाहिली आहे त्याला हा खेळ लवकर कळतो. इथेही जमीन इंचाइंचाने जिंकायची असते आणि एकट्या बहाद्दराने काही होत नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याचे नाव पेपरात येते, पण त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे पाच जण पुढे धक्के खात उभे असतात. त्यांची नावे कोणी घेत नाही. मोलमजुरी करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता बाबासाहेबांच्या काळाकडे वळू. १९०५ साली अमेरिकेत हा खेळ इतका रानटी झाला होता की एका हंगामात देशभरात अठराएक पोरे त्यात मेली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून कानउघाडणी करावी लागली. पुढच्या वर्षी नियम बदलले. पण कोलंबियाने त्याआधीच, १९०५ चा हंगाम संपताच, फुटबॉल बंद करून टाकला. दहा वर्षे तिथे टीमच नव्हती. म्हणजे १९१३ साली बाबासाहेब तिथे पोचले तेव्हा कोलंबियात फुटबॉल नव्हता. १९१५ च्या शरदात तो पुन्हा सुरू झाला आणि मॅचेस विद्यापीठाच्या आवारातच, साउथ फील्ड नावाच्या मैदानावर होऊ लागल्या. ज्या हार्टले हॉल आणि लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहांची नावे बाबासाहेबांच्या चरित्रात येतात, त्या इमारती याच मैदानाच्या कडेला आहेत. बाबासाहेब मॅच बघायला जात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांचा वेळ ग्रंथालयात जात होता आणि त्या वेळेचे मोल काय झाले ते आपण सारे उपभोगतो आहोत. पण इतिहासातली ही जुळणी आम्हाला मोलाची वाटते. ज्या वर्षी बाबासाहेब एम. ए. झाले, त्याच वर्षी ही टीम पुन्हा उभी राहिली.

त्याच १९१५ साली न्यूयॉर्कच्या शेजारच्या न्यू जर्सी राज्यात रटगर्स कॉलेजात पॉल रोबसन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा शिष्यवृत्तीवर दाखल झाला. बाप गुलामीतून पळालेला. पोरगा उंचापुरा, हुशार. फुटबॉलच्या चाचणीला गेला तर त्याच्याच कॉलेजच्या गोऱ्या पोरांनी त्याला तुडवले. नाक फोडले, खांदा निखळवला, बोटे बुटाखाली चिरडली. तरी तो परत मैदानात आला आणि टीममध्ये घुसला. १९१६ साली दक्षिणेतल्या वॉशिंग्टन अँड ली या कॉलेजने सांगितले की समोर काळा खेळाडू असेल तर आम्ही खेळणार नाही. रटगर्सने मान तुकवली आणि आपल्या सर्वांत दणकट गड्याला बाहेर बसवले. पुढे १९१७ आणि १९१८ अशी दोन वर्षे देशातल्या निवडक खेळाडूंत त्याचे नाव आले. मग तो कुठे गेला? कोलंबियात! १९२३ साली तिथून तो कायद्याचा पदवीधर झाला. नंतर गायक आणि नट म्हणून जगभर गाजला, कामगारांच्या आणि काळ्यांच्या हक्कांसाठी बोलला, म्हणून सरकारने १९५० ते १९५८ त्याचा पासपोर्ट अडवून ठेवला. कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या दालनात त्याचे नाव लागले ते १९९५ साली, तो वारल्यावर एकोणीस वर्षांनी.

वाचताना आपल्याला कोणाची आठवण येते? पळवणकर बाळूंची. पुण्याच्या क्लबात त्यांची फिरकी सगळ्यांना हवी होती, पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंच्या टीमचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो भाग वेगळा. आमचा मुद्दा एवढाच, की मैदान सर्वांचे असते ही गोष्ट कोणी आपणहून देत नाही. ती मिळवावी लागते. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा विद्यापीठाची टीम देशात नामांकित, पण तिथला शिष्यवृत्तीवरचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू प्रत्यक्ष टीममधून खेळला तो १९७१ साली. म्हणजे नागरी हक्कांचा कायदा होऊनही सात वर्षांनी!

आता या टीमच्या हरण्याविषयी. तसे तिचेही चांगले दिवस होते. १ जानेवारी १९३४ रोजी कॅलिफोर्नियातल्या मानाच्या रोझ बोल सामन्यात तिने बलाढ्य स्टॅनफर्डला ७-० ने हरवले होते. १९४७ साली ३२ सामने न हरलेल्या लष्करी अकादमीच्या टीमला तिने २१-२० असे रोखले. १९६१ साली हार्वर्डबरोबर लीगचे विजेतेपद वाटून घेतले. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९८३ च्या हंगामाच्या अखेरीस ती हरू लागली आणि हरतच राहिली. १९८४ साली एक नाही, १९८५ साली एक नाही, १९८६, १९८७... ओळीने ४४ सामने! देशभर टिंगल झाली. १९८४ च्या सुमारास नवे स्टेडियम बांधले होते, तिथे पाहुणे येऊन जिंकून जात. जे पोरगे पहिल्या वर्षी टीममध्ये आले ते चार वर्षे खेळून पदवी घेऊन बाहेर पडले, पण आपली टीम जिंकलेली त्यांनी एकदाही पाहिली नाही. तरी दर सोमवारी ते सरावाला येत होते. शेवटी ८ ऑक्टोबर १९८८ रोजी प्रिन्स्टनवर १६-१३ असा विजय मिळाला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात धाव घेऊन गोलाचे खांब उपटले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कोलंबिया काही गरीब संस्था नाही. तिच्याकडे पैसा आहे, नाव आहे. तिच्या हरण्याला आपल्या समाजाच्या हालअपेष्टांशी नेऊन जोडणे खोटेपणाचे होईल, आणि आम्ही ते करणार नाही. हरणे आणि गरिबीने हरणे यात फरक आहे. तो फरक पाहायचा असेल तर टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू या कॉलेजकडे पाहा. गुलामी संपल्यावर कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८७६ साली निघालेले हे कॉलेज. १९८९ पासून त्यांची टीम हरू लागली. पैशाच्या अडचणीने १९९० साली टीमच बंद ठेवावी लागली. १९९१ साली पुन्हा सुरू झाली ती खेळाडूंना शिष्यवृत्ती न देता. समोरच्या टीमला शिष्यवृत्तीचे धिप्पाड गडी, आणि यांच्याकडे स्वतःची फी भरून येणारी पोरे. ओळीने ८० सामने ही टीम हरली. कोलंबियाचा विक्रम तिच्या नावावर गेला. पण प्रेक्षकांनी मैदान सोडले नाही. निदान मध्यंतरातला कॉलेजचा बँड ऐकायला तरी येत राहिले. २६ सप्टेंबर १९९८ रोजी लँग्स्टन कॉलेजवर १४-१२ असा विजय मिळाला, तेव्हा माणसे रडली. आणि पुढे? २००९ साली हीच प्रेअरी व्ह्यू आपल्या विभागाची विजेती ठरली. साधने हातात आली की तीच माणसे जिंकतात. "यांच्यात गुणवत्ताच नाही" असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा दुसरे उत्तर काय हवे?

कोलंबियाकडे परत येऊ. ४४ पराभवांचा डाग पुसला तरी टीम फारशी सुधारली नाही. २०१० नंतरच्या दशकात पुन्हा ओळीने २४ सामने गेले. तो फेरा १० ऑक्टोबर २०१५ रोजी वॅग्नर कॉलेजवरच्या २६-३ अशा विजयाने सुटला. त्यानंतर हळूहळू घडी बसू लागली. २०२३ चा हंगाम तोंडावर असताना मुख्य प्रशिक्षक प्रकृतीमुळे निवृत्त झाले, ते वर्ष कसेबसे निघाले. २०२४ साली नवे प्रशिक्षक आले. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी शेवटचा सामना होता. घरच्या मैदानावर कॉर्नेलला १७-९ ने हरवले. पण तेवढ्याने भागणार नव्हते, हार्वर्ड हरायला हवे होते. तिकडे येलने हार्वर्डला ३४-२९ असे पाडले. झाले! कोलंबिया, हार्वर्ड आणि डार्टमथ असे तिघे मिळून विजेते. ६३ वर्षांनी कोलंबियाच्या नावापुढे विजेतेपद लागले. १९६१ साली ज्या पोराने विजय पाहिला असेल तो २०२४ साली ऐंशीच्या घरातला म्हातारा होता.

अशी ही टीम. मग पुढच्या हंगामात ती जिंकेल काय? या लीगमध्ये एका वर्षीच्या विजेत्याने पुढच्या वर्षी आपटी खाणे काही नवलाचे नाही. दर वर्षी चौथ्या वर्षाची पोरे पदवी घेऊन निघून जातात, नवी येतात, कोरी पाटी. म्हणूनच हंगामापूर्वीचे हे दिवस आम्हाला आवडतात. आठही टीम शून्यावर उभ्या असतात आणि गेल्या वर्षीची बढाई कोणाच्या कामी येत नाही.

ही लीग म्हणजे आठ जुन्या कॉलेजांची आयव्ही लीग: कोलंबिया, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया. फुटबॉलची ही रीतसर लीग १९५६ साली खेळू लागली. तेच आपल्या धम्मदीक्षेचे आणि महापरिनिर्वाणाचे वर्ष. हिचा एक नियम आम्हाला फार पटतो. खेळतो म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर फीची मदत मिळते, पण ती प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला मिळते तशीच. खेळाडूने परीक्षा द्यायची, वर्गात बसायचे. पाय मोडला म्हणून त्याचे शिक्षण बंद पडत नाही. उलट इतर मोठ्या विद्यापीठांत काय चालत आले? मिशिगनचे स्टेडियम एक लाखाहून जास्त माणसांचे. टीव्हीचे हक्क अब्जावधींचे. प्रशिक्षकाला वर्षाला लाखो डॉलर. आणि ज्यांच्या हाडांवर हा धंदा उभा, त्या पोरांना, ज्यांत गरीब घरची कृष्णवर्णीय पोरे मोठ्या संख्येने असतात, वर्षानुवर्षे फी आणि जेवण यापलीकडे काही नाही! २०२१ साली त्यांना स्वतःच्या नावाचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२५ साली कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट उघडली. आयव्ही लीग मात्र त्यात गेली नाही.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते, बरे झाले, शिक्षणाचा बाजार झाला नाही. दुसरे म्हणते, घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, मग कॉलेज कितीही थोर असो. बाबासाहेब मजूरमंत्री होते, कामाचे तास आठ व्हावेत म्हणून झटले. आपण कामगारांची लेकरे आहोत. आपल्याला दुसऱ्या मताकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ५ मार्च २०२४ रोजी डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करण्याचा ठराव केला होता. कॉलेजने ती मानली नाही आणि त्या वर्षाच्या अखेरीस अर्ज मागे घेण्यात आला. पण पोरांनी मागणी तर केली! दुसरे उदाहरण पाहा. या लीगच्या फुटबॉल विजेत्याला राष्ट्रीय बाद फेरीत खेळायला पूर्वी मनाई होती. खेळाडूंच्याच समितीने प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो मान्य झाला. २०२५ च्या हंगामापासून विजेत्याला पुढे खेळता येते. मागितल्याशिवाय मिळत नाही. संघटित होऊन मागितले तर कधी मिळते, कधी उशिरा मिळते.

आमच्या माता-भगिनी यावर म्हणतील, "ते सगळं खरं, पण डोक्याला मार लागतो त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. डोके वारंवार आपटल्याने मेंदूला कायमची इजा होते, हे डॉक्टरांनी सिद्ध केले आहे. आयव्ही लीगने २०१६ साली हंगामातल्या सरावात अंगावर धडका मारणे बंद केले, ते याच कारणाने. तरी सामन्यात धडका आहेतच. आपल्या पोरांनी हा खेळ खेळावा असे आम्ही सांगत नाही. आपल्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, पायाचा फुटबॉल आहे, धावणे आहे. मुलगा असो की मुलगी, संध्याकाळी एक तास मैदानावर घालवलाच पाहिजे. "खेळत बसलास तर बाबासाहेबांसारखा कसा होशील?" असे म्हणून पोराला घरात कोंडणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही विनंती करतो की खेळाला अभ्यासाचा शत्रू करू नका. आणि मुलगी दहावीत गेली की तिचे मैदान बंद, हेही थांबवा. अतिरेक नको, कोंडमाराही नको. मध्यम मार्ग आपल्याला तथागतांनीच दाखवला आहे.

आता ज्या घरांत ही टीम धरायची इच्छा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. हंगामात दहा सामने असतात. सात लीगमधल्या टीमशी, तीन बाहेरच्यांशी. सामने बहुतेक शनिवारी दुपारी. तिकडे दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजतात. लहान मुलांना जागवू नका. रविवारी सकाळी विहारात जाण्यापूर्वी मोबाईलवर गुण बघितले तरी पुरे. हंगामाच्या मध्यावर आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो, नोव्हेंबरच्या अखेरीस हंगाम संपतो, आणि मग आपल्याला ६ डिसेंबरची तयारी असते. मुलांना अमेरिकेच्या नकाशात ही आठ कॉलेजे शोधायला लावा. भूगोल आपोआप होतो. ब्राऊनशी सामना असेल त्या दिवशी त्यांना सांगा की याच ब्राऊन विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. रटगर्सचे नाव कानावर आले की रोबसनची गोष्ट सांगा. आणि हेही सांगा की ही कॉलेजे म्हणजे काही स्वर्गातल्या संस्था नव्हेत. फी न परवडणाऱ्या हुशार मुलांना तिथे मदत मिळते, त्यासाठी अर्ज करावा लागतो, इंग्रजी यावे लागते, आणि तयारी बारावीच्या आधीच सुरू करावी लागते. खेळ पाहता पाहता एखाद्या वस्तीतल्या पोरीच्या डोक्यात हे शिरले तर दहा शनिवार वसूल झाले.

एक इशारा देऊन ठेवतो. अमेरिकेत २०१८ सालच्या कोर्टाच्या निकालानंतर खेळांवर सट्टा फोफावला, कॉलेजच्या पोरांच्या सामन्यांवरसुद्धा. आपल्याकडेही मोबाईलवर टीम लावून पैसे घालवणारी तरुण पोरे कमी नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी चोरवाटा शोधणारे असतातच. भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत, त्यांत जुगार आहे. दारू आहे, रात्री-अपरात्री भटकणे आहे, वाईट संगत आहे, आळस आहे. आणि खेळतमाशांच्या नादी लागणेही आहे! म्हणजे आमच्यासारख्यांचाही कान त्यात धरलेला आहे. म्हणून तर दहाच शनिवार. एक रुपयाही लावायचा नाही. टीम हरली म्हणून घरात चिडचिड करायची नाही, बायकामुलांवर राग काढायचा नाही. ज्याला एवढे पाळता येत नसेल त्याने टीम धरूच नये.

मग शेवटी प्रश्न उरतो, हरणाऱ्या टीमच्या मागे का लागावे? जिंकणाऱ्या टीमच्या मागे तर सगळे जग असते. त्यात निष्ठेची कसोटी कुठे लागते? आपल्या चळवळीतही आपण पाहिले आहे, सभा मोठी असली की स्टेजवर जागा पुरत नाही. निवडणूक हरली की दुसऱ्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावायलाही माणूस सापडत नाही. गट फुटतात, नेते जातात, झेंडे बदलतात. वस्तीतली साधी माणसे मात्र दर रविवारी विहार झाडतात, वंदना घेतात, पोरांच्या शिकवणीचा वर्ग चालवतात. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नसते. चार वर्षे एकही सामना न जिंकता सोमवारी सरावाला येणारी ती कोलंबियाची पोरे आम्हाला या माणसांच्या जवळची वाटतात. पराभव झाला म्हणजे आपण नालायक ठरलो, असे नव्हे. पराभवानंतर काय चुकले ते न बघता नुसते नशिबाला बोल लावणे, ते मात्र नालायकीचे. कोलंबियाने प्रशिक्षक बदलले, सराव बदलला, तेव्हा कुठे दिवस पालटले. नुसत्या निष्ठेने कोणी जिंकत नाही. निष्ठेबरोबर डोळसपणा लागतो. बाबासाहेबांनी आपल्याला भक्ती शिकवली नाही, विचार शिकवला.

तेव्हा येत्या सप्टेंबरात निळ्या-पांढऱ्या कपड्यातले सिंह मैदानात उतरतील. जिंकले तर साखर वाटू. हरले तर पुढच्या शनिवारी पुन्हा बघू. आपल्या घरातल्या मुलामुलींनी टीमला काय नावे ठेवली, कोणता खेळाडू आवडला, त्या निमित्ताने काय नवे वाचले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवावे. निवडक पत्रांना याच पानावर जागा देऊ.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!